शेवटून तिसऱ्यावर ठोका

इंग्रजीतला लांबलचक शब्द कसा तोडावा, हे अख्ख्या शहापूर तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच येत नाही. तोडलेला शब्द परत जोडावा कसा, ते मात्र मलाही येत नाही.

एकतीस वर्षं मी किन्हवलीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे मराठीतून इंग्रजीबद्दल बोललो! पण आजूबाजूच्या कुठल्याच शाळेत नव्हती अशी एक गोष्ट माझ्यापाशी होती. माझा नियम! नोकरीला लागलो त्याच वर्षी मुरबाडला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथे एका बाईंनी सांगितलं, की इंग्रजीतले हे हातभर लांब शब्द असतात ना, ते बहुतेक मुळात ग्रीक. त्यांना घाबरायचं नाही. त्यांचे तुकडे पाडायचे, शेवटाकडून मोजत यायचं आणि तिसऱ्या तुकड्यावर जोर द्यायचा. फो-टॉ-ग्र-फी. शेवटून तिसरा कोण? टॉ! थर-मॉ-मी-टर. तिसरा कोण? मॉ! मला हे इतकं आवडलं, की त्यात मी पदरची भर घातली. नुसता जोर द्यायचा नाही, तर त्या तुकड्याला टेबलावर मूठ आपटायची. तोडा आणि ठोका! पोरं मला पाठीमागे 'ठोके सर' म्हणायची. (माझं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय.) वर्गात मी "शेवटून तिसरा!" असं ओरडलो, की शब्द राहायचा बाजूला आणि शेवटून तिसऱ्या बाकावरचा विद्यार्थी लटपटत उभा राहायचा.

असा मी निवृत्त होऊन ओटीवर बसलो होतो, तोच माझ्या धाकट्या भावाची, बाळारामची, मुलगी दर्शना हातात कागद घेऊन आली.

दर्शना बी.ए. झालेली. मुरबाडला एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी गेली की दिवसभर उभी. तिथे खुर्ची फक्त सुपरवायझरला. संध्याकाळी घरी आली, की बादलीत कोमट पाणी, मूठभर मीठ आणि त्यात दोन्ही पाय. चोवीस वर्षांच्या पोरीच्या पोटऱ्या अशा सुजायच्या, की मला बघवत नसे. आता शहापुरात एक नवीन हॉस्पिटल निघालं होतं आणि तिथे माइकवरून पेशंटना पुकारायला मुलगी हवी होती.

"बसून काम हाय, तात्या," दर्शना म्हणाली. "खुर्ची देतात. फिरती खुर्ची! पन सोमवारी माइकवर ह्ये वाचून दाखवायचंय. माझी जीभच वळत नाय."

कागदावर डॉक्टरांचे सात प्रकार छापलेले होते. गायनिकॉलॉजिस्ट, डर्मॅटॉलॉजिस्ट, ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट, फिझिओथेरपिस्ट, ऑर्थोपेडिक, पीडिॲट्रिशन. सातवा शब्द छापणाऱ्यालाही एका ओळीत मावला नव्हता. ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट! म्हणजे आपला साधा कान-नाक-घशाचा डॉक्टर. मी तो शब्द एकदा पाहिला आणि उठून तोंडावर पाणी मारून आलो.

"सोपं आहे," मी म्हणालो. "सगळे ग्रीक आहेत."

"ग्रीक म्हंजे?" स्वयंपाकघरातून माझी बायको मंदा पदराला हात पुसत बाहेर आली.

"म्हणजे इंग्रजीत आलेले पाहुणे."

"पाहुणे हायेत तर जरा नीट वागा त्यांच्याशी," मंदा म्हणाली. तिला माझी पद्धत ठाऊक होती.

लगेच अभ्यासाला सुरुवात झाली. ओटीवर टेबल नव्हतं, म्हणून मी मंदाचा तेलाचा रिकामा डबा आणून पालथा घातला. (त्यात ती तांदूळ भरणार होती. नंतर त्या डब्यात तांदूळ काय, मोहरीही मावली नसती, इतका तो चेपला.) पहिला शब्द घेतला. "म्हण दर्शना, मोठ्यानं! गाय!"

"गाय!" दर्शना ओरडली.

"नि!"

"नि!"

"आता शेवटून तिसरा! कॉ!" आणि मी डब्यावर असा ठोका दिला, की अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या.

"कॉ! लॉ! जिस्ट!"

"शाब्बास! परत! हॉस्पिटलात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

शेवटच्या बाकाचं माहीत नाही, पण आमच्या घरामागच्या राघोदादाच्या भेंडीच्या वाडीपर्यंत नक्की ऐकू गेलं. आता राघोदादाचं असं, की आमच्या बाळारामच्या गाईनं त्याच्या भेंडीत दोनदा तोंड घातलं होतं, आणि तेव्हापासून तो डोळ्यांत तेल घालून बसलेला होता. शिवाय आमच्याकडे शेतात जनावर घुसलं, की पत्र्याचा डबाच बडवतात. त्यात 'गाय, गाय' असा आरडाओरडा! पाच मिनिटांत राघोदादा, त्याचे दोन भाऊ, एक जावई आणि शेजारच्या पाड्यावरची चार माणसं काठ्या घेऊन वाडीत शिरली.

"गाय कुठं हाय?" एकानं विचारलं.

"नुसती गाय नाय रे! नीट ऐक! गाय नि कोला म्हंतात!" राघोदादा ओरडला.

"कोला? आन् दिवसाचा?"

"आरं, पिसाळला असंल!"

हे ऐकल्यावर वाडीत जी पळापळ झाली, ती मी ओटीवरून पाहिली. कोल्हा शोधायला चार जण या सरीतून पळाले, चार जण त्या सरीतून. जावई तर पिसाळलेला कोल्हा या कल्पनेनं मांडवावर चढला आणि मांडवासकट खाली आला. (मांडव काकडीचा होता. काकड्या छान लागल्या होत्या.) बाळारामची गाय महिनाभर जेवली असती तरी जेवढी भेंडी संपली नसती, तेवढी या आठ जणांनी अर्ध्या तासात तुडवली. आणि ती बिचारी गाय गोठ्यात शांतपणे रवंथ करत होती!

शेवटी राघोदादा काठी टेकत आमच्या अंगणात आला. "मास्तर, कोला कुठं हाय?"

"अरे राघोदादा, कोल्हा नाही! गाय-नि-कॉ-लॉ-जिस्ट! बायकांचा डॉक्टर!"

राघोदादानं माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग परत माझ्याकडे. "बायकांच्या डाक्टरात गाय कशाला लागते, मास्तर?"

मंदानं चहा ठेवला, बाळारामनं आठ जणांची समजूत काढली, आणि मोडलेला मांडव मी दुसऱ्या दिवशी स्वतः बांबू धरून उभा करून द्यायचा, असं ठरलं. माझ्या अध्यापनाच्या कारकिर्दीत एका शब्दानं एवढी उलथापालथ प्रथमच केली होती. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला!

बुधवारी 'ऑर्थोपेडिक' घेतला. तुकडे चार. ऑर, थो, पे, डिक. शेवटून तिसरा 'थो'. मी डबा ठोकला, "थो!" दर्शनानं डबा ठोकला, "थो!" आम्ही दोघं अर्धा तास थो-थो करत होतो.

मंदा आतून म्हणाली, "अवो, कुनावर थुकताय?"

"हा हाडांचा डॉक्टर आहे."

"टीवीवर तर असं नाय म्हनत."

"टीव्हीवाल्यांना ग्रीक येतं?"

"तुमाला येतं?"

"मला नियम येतो!" मी म्हणालो. असली वाक्यं माणसाच्या तोंडून निघतात तेव्हा फार छान वाटतं.

मग 'पीडिॲट्रिशन'. पी, डि, ॲ, ट्रि, शन. शेवटून तिसरा 'ॲ'. दर्शना बिचारी दर वेळी तोंड भलं मोठं उघडून 'ॲ!' करायची. मंदा म्हणाली, "हा दाताचा डाक्टर दिसतोय." मी सांगितलं, लहान मुलांचा. "मंग बरोबर," मंदा म्हणाली. "पोर असंच रडतं." दर्शना हसली, पण हसता हसता तिनं हळूच विचारलं, "तात्या, नक्की ना असंच?" आणि मी, ज्याच्यावर तिचा लहानपणापासून आंधळा विश्वास, छाती ठोकून म्हणालो, "एकतीस वर्षं!"

शनिवारपर्यंत सातही शब्द तिला पाठ झाले. तो नऊ तुकड्यांचा राक्षससुद्धा. ऑ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-लॉ-जिस्ट, ठोका 'गॉ'वर. मला गहिवरून आलं. रविवारी संध्याकाळी म्हटलं, आता रंगीत तालीम. "दर्शना, आता डबा नाही. सलग म्हण."

दर्शनानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. हात आपोआप वर गेला, डबा सापडेना, आणि शब्द घशातच राहिला.

"तात्या, ठोकल्याबिगर येतच नाय."

"असं कसं? तुकडे एकमेकांना जोड, झालं!"

"तुमी तोडायला शिकवलंत," दर्शना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "जोडायचं कसं, ते नाय सांगितलंत."

मी तो चेपलेला डबा पायानं बाजूला सारला. मग म्हणालो, "हळूच ठोक. मांडीवर. कुणाला कळणार नाही."

सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं. बाळाराम "दादा, ती जाईल एकटी" असं म्हणालाही होता, पण गुरूनं ऐन परीक्षेत शिष्याला सोडायचं म्हणजे काय! किन्हवलीहून शहापूरला जीपनं गेलो. जीपचा ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी निघाला. दर्शना मागे बसून मांडीवर चापट्या मारत पुटपुटत होती. त्यानं आरशात पाहिलं आणि विचारलं, "सर, अजून ठोकताय का?" त्याच्या आवाजात मला आदर वाटला. आता विचार करतो तेव्हा ती कीव असावी असं वाटतं.

हॉस्पिटलात बसायची जागा पेशंटनी गच्च भरलेली. समोर काउंटर, काउंटरवर माइक आणि त्यामागे ती फिरती खुर्ची. काळी, उंच पाठीची, हात टेकायला दोन्ही बाजूंना जागा असलेली. दर्शनानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं मी माझ्या पेन्शनच्या पहिल्या चेककडेही पाहिलं नव्हतं. तिच्या आधी दोन मुली होत्या. दोघींनीही शब्द वाचताना बरीच पडझड केली, म्हणून मला हुरूप आला. एका बाजूला हॉस्पिटलचं काम बघणाऱ्या मॅडम उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी चष्मा लावलेले मोठे डॉक्टर.

"बस," मॅडम म्हणाल्या. दर्शना खुर्चीत बसली. मी पहिल्या रांगेत बसून तिला मूठ दाखवली, म्हणजे 'ठोक' अशी खूण केली. आयुष्यात इतकी वाईट खूण मी दुसरी केली नसेल.

दर्शनानं माइक जवळ ओढला. घाबरल्यामुळे मांडी विसरली आणि मूठ थेट काउंटरवर आली. "डर! मॅ! टॉ!" धाड! हा ठोका माइकमधून गेला आणि छताला लावलेल्या चारही स्पीकरमधून बाहेर पडला. सगळा हॉल बाकावरून वीतभर वर उडाला. कोपऱ्यात नर्स एका आजोबांचं बीपी बघत होती, ती म्हणाली, "बाई गं! आत्ता तर बरोबर होतं!"

"ऑफ! थॅल! मॉ!" धाड!

एक आजीबाई पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. "कंचा नंबर हाय, ते मंग सांगा. मी भायेर बसते."

मॅडमनी हात वर केला, पण दर्शना आता थांबण्यापलीकडे गेली होती. डोळे मिटून ती सात शब्दांच्या त्या खिंडीतून पळत सुटली होती. "ऑर! थो!" धाड! त्यासरशी काउंटरवरचा पाण्याचा ग्लास आडवा झाला आणि पाणी मोठ्या डॉक्टरांच्या बुटावर.

डॉक्टर बुटाकडे बघत शांतपणे म्हणाले, "मी वीस वर्षं हाडांचा डॉक्टर आहे. पण तू आत्ता म्हणालीस तो मी नव्हे."

दर्शनानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिथेही मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्यातला ठोके सर उभा राहिला. "सर, नियम आहे!" मी पहिल्या रांगेतून गरजलो. "ग्रीक शब्द! शेवटून तिसरा!"

मॅडमनी विचारलं, "हे कोण? उमेदवार हे आहेत का?"

डॉक्टर मात्र हसले. "काका, नियम बरोबर आहे तुमचा. डर्मॅटॉलॉजिस्टला चालतो, गायनिकॉलॉजिस्टला चालतो. पण शब्दाच्या शेवटी 'इक' आलं, की जोर शेवटून दुसऱ्यावर. ऑर्थो-पे-डिक. 'शन' आलं तरी तसंच. पीडिॲ-ट्रि-शन. हे अपवाद कुणी सांगितले नाहीत का तुम्हाला?"

सांगितले होते हो! मुरबाडचं ते प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. पहिला दिवस ओळखीत गेला, दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम सांगितला आणि तिसऱ्या दिवशी अपवाद सांगणार होत्या. तिसऱ्या दिवशी मी धसईला मेहुण्याच्या हळदीत नाचत होतो! त्या एका नाचापायी एकतीस वर्षं शहापूर-मुरबाडमधल्या पोरांनी 'इक' आणि 'शन'चे शब्द भलत्याच जागी ठोकले होते, आणि आता त्याच नाचात दर्शनाची खुर्ची चालली होती.

आपली फजिती झाली याचं काही नाही, ती माझ्या अंगवळणी आहे. पण ही पोरगी उद्या सकाळी परत मुरबाडला जाऊन उभी राहणार, आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्यात पाय बुडवणार, ते फक्त मी शहाणपणा केला म्हणून! मी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, चूक माझी आहे. ती मूठ माझी, तो ठोका माझा, आणि तो 'थो'सुद्धा माझाच. तिनं फक्त माझं ऐकलं. तिला माझ्याशिवाय एकदा संधी द्या."

डॉक्टरांनी दर्शनाकडे पाहिलं. "मी म्हणतो तसं म्हणशील? ठोकायचं नाही. फक्त ऐकायचं आणि म्हणायचं."

तिनं मान डोलावली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट धरून ठेवले.

"ऑर्थोपेडिक," डॉक्टर म्हणाले.

"ऑर्थोपेडिक," दर्शना म्हणाली.

"पीडिॲट्रिशन."

"पीडिॲट्रिशन."

मग एकेक करत उरलेले शब्द आणि शेवटी तो नऊ तुकड्यांचा राक्षस. डॉक्टर एकदा म्हणाले आणि दर्शनानं तो जसाच्या तसा, एका श्वासात, माइकवर सोडला. ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट! स्पीकरमधून तो असा वाहत आला, की त्याला कुठे सांधा होता हे कुणाला कळलंही नसतं. पाच दिवस मी डबा फोडून जे केलं नव्हतं, ते त्या माणसानं दोन मिनिटांत केलं, आणि तेही बूट ओले असताना! ऐकायचं आणि म्हणायचं. एवढंच होतं ते. एकतीस वर्षांत मी पोरांना ऐकू कधी दिलंच नव्हतं, सगळा वेळ मीच ठोकत होतो.

मॅडम आणि डॉक्टर बाजूला जाऊन काहीतरी बोलले. दर्शना खुर्चीतून उठली नव्हती. मला वाटतं, उठले तर परत बसायला मिळणार नाही, अशी तिला भीती वाटत असावी.

मॅडम परत आल्या. "आवाज स्वच्छ आहे. ऐकून लगेच उचलतेस. एक तारखेपासून ये."

दर्शनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी खिशात रुमाल शोधू लागलो, धूळ फार होती तिथे. (हॉस्पिटल अगदी चकचकीत होतं, पण धूळ होती.)

"मात्र एक अट आहे," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी लगेच कॉलर नीट केली. म्हटलं, नियम बरोबर आहे असं डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलंय, आता बाकीच्या स्टाफला शिकवायला बोलावतात बहुतेक.

"तुझे हे तात्या," मॅडम दर्शनाला म्हणाल्या, "आजारी असल्याशिवाय इथे येणार नाहीत."

मान्य, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत दर्शना माइकवरून म्हणाली, "चालंल मॅडम!" चारही स्पीकरमधून, एका दमात, कुठेही न अडखळता.